पाठीपुरता हात

आई,

अजमानला उन्हाळ्यात थंड नळालाही कढत पाणी येतं, हे तू पाहिलं आहेस. गच्चीवरच्या टाकीत ते दिवसभर तापतं. तू आली होतीस त्या जूनमध्ये हसून म्हणाली होतीस, तुमच्याकडे देवाने घरोघरी उन्हाळं दिलंय की. आपल्या गावाजवळच्या गरम पाण्याच्या कुंडाला आपण उन्हाळं म्हणायचो. लुगड्यासकट पाण्यात उतरायचं, मग काठावर बसून तू माझी पाठ घासायचीस आणि मी तुझी. मी कुरकुर केली की म्हणायचीस, "बाकी सगळीकडे आपला हात पोचतो गं. पाठीपुरती माणसं लागतात."

तुझे जावई गेले त्याला सहा वर्षं झाली. यंदा मुलगा अबुधाबीहून आला आणि मला जपानला घेऊन गेला, सून आणि नात बरोबर. तिथल्या गरम झऱ्यांजवळच्या जुन्या लाकडी सरायांबद्दल मी पुस्तकांत वाचलं होतं. शाळा सातवीत सुटली तरी वाचन सुटलं नाही माझं. खोलीत गवताच्या चटया, जमिनीवर गादी, घालायला सुती झगा. सगळं वाचल्यासारखंच होतं. पण कुंडात अंगावर काहीच ठेवायचं नसतं, हे वाचूनही मी गाऊन घालूनच निघाले, आपल्या उन्हाळ्यावर जायची तशी. दारातल्या बाईने कमरेत वाकून मला थांबवलं. नात म्हणाली, "आजी, इट्स द रूल. नोबडी इज लुकिंग." मी कोरडीच परत आले. सुनेला सांगितलं, मला सर्दी झाल्यासारखं वाटतंय.

दुसऱ्या दिवशी पहाटे एकटीच गेले, कुणी नसेल म्हणून. एक म्हातारी होती, तुझ्याएवढी. तिथे पाण्यात उतरण्याआधी बुटक्या लाकडी स्टुलावर बसून अंग घासायचं असतं. माझा हात मागे पोचेना, खांदा आता वळत नाही. ती जवळ आली, तिने माझ्या हातातला पंचा घेतला आणि ती माझी पाठ घासू लागली. वरपासून खालपर्यंत, तुझ्यासारखीच जोर लावून. सहा वर्षांत माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. मग ती स्वतःची पाठ माझ्याकडे करून बसली. मी घासली. चांगली घासली, आई.

आणि त्या जूनमध्ये तू न्हाणीतून हाक मारली होतीस, "पाठ तेवढी चोळून दे गं." मी डबे भरत होते, खाली ते न्यायला आलेला ड्रायव्हर यल्ला यल्ला, चला चला करत हॉर्न देत होता. मी दाराबाहेरूनच म्हटलं, "शॉवर आहे ना आई, त्याखाली उभी राहा." तू पुन्हा मागितलं नाहीस. आपलं ते शेवटचं एकत्र राहणं ठरलं.

मुलाला मी एवढंच सांगितलं की पाणी छान होतं. तुला सगळं लिहिलंय, पण हे पाकिटात घालून कुठे टाकणार? सून आठवड्यासाठी इथे आली आहे. आज सकाळी न्हाणीत बसले, नळाचं पाणी कढत होतं, हात मागे पोचत नव्हता. ती दाराबाहेरच कपडे वाळत घालत होती. मी हाक मारली. ती म्हणाली, "काय हवंय आई?" मी म्हटलं, काही नाही.

तू मागितलं तरी होतंस.