बीमचं झाड

धुळे, १२ जानेवारी २०२५

ती. आप्पांस,
गायत्रीचा शि. सा. न. वि. वि.

कारखान्यातल्या मागांच्या खडखडाटात तुम्हाला फोन ऐकू येत नाही, आणि आईला सांगितलं तर ती लगेच माझं परतीचं तिकीटच काढेल, म्हणून लिहिते. मला इंग्रजीचं कॉलेज सोडायचं आहे. पुढच्या सोमवारी प्रत्येकाने एका साध्या इंग्रजी शब्दाचे निरनिराळे अर्थ आणि त्याचं मूळ यावर दहा मिनिटं बोलायचं आहे. मी उभी राहिले की वाक्य मध्येच तुटतं, आणि मुली हसतात. तिकडे पर्वत पाटिया भागात साड्यांवर टिकल्या लावायच्या कामात आईने माझी जागा धरून ठेवलीच आहे. तीच बरी.

लोभ असू द्या, राग आला तरी.
तुमची गायत्री

उधना, १५ जानेवारी

चि. गायत्रीस अ. उ. आ.

रागावलो नाही, पण दोन घास कमी गेले. सोडायचं ते मग सोड, आधी माझं एक काम कर. चोवीस वर्षं मी मागावर बीम चढवतोय. ताण्याचे हजारो उभे धागे गुंडाळलेला रूळ, तो आमचा बीम. तुझा लोटूमामा सेंटरिंगवाला, तो स्लॅबखालच्या तुळईला बीम म्हणतो. परवा खरा बीम कोणाचा यावर चहा गार होईपर्यंत भांडलो. तुमच्या जाडजूड पुस्तकात बघून सांग.

सोबत धाग्याची एक गाठ पाठवतो. जुना बीम संपला की आम्ही त्याची टोकं फेकत नाही. नव्याचा एकेक धागा त्यांना गाठतो, तेव्हा कुठे नवा ताणा पुढे सरकतो. बोलताना तूही घरचं टोक धर.

जेवत जा.
तुझा आप्पा

धुळे, २१ जानेवारी

ती. आप्पांस शि. सा. न.

मामाला सांगा, दोघेही जिंकलात. जुन्या इंग्रजीत बीम म्हणजे झाड! त्याच्या लाकडाची तुळई झाली, मागाचा रूळ झाला, तराजूची दांडीही. पुढे उजेडाच्या झोताला बीम म्हणू लागले, तोंडभर हसण्यालाही. मागावरचा बीम मात्र वर्गात कोणाला ठाऊक नव्हता, बाईंनाही नाही. तुमची गाठ सगळीकडे फिरली. हसणाऱ्यांतल्याच एकीने ती कशी मारतात ते मला विचारलं. दहाची पंचवीस मिनिटं झाली. वाक्य तुटलं, पण सुरुवातीलाच.

मला इथेच राहायचं आहे. आईला कसं सांगू?

लोभ वाढवा, आणि आईची समजूत काढा.
तुमची गायत्री

उधना, २६ जानेवारी

चि. गायत्रीस अ. उ. आ.

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. ती दुसऱ्या दिवशी डबा द्यायच्या निमित्ताने कारखान्यात आली. नवा बीम चढत होता, त्याला तिने हळदकुंकू लावलं. मुकादम हसला, तर त्यालाच आपल्या बोलीत म्हणाली की झाडच शे ते. वडाला आम्ही सूत गुंडाळतो, याला तर आधीच गुंडाळेल शे. मामा मात्र दोघेही जिंकलो म्हणून फुरंगटून बसला आहे.

जाताना ती पर्वत पाटियाला उतरली, आणि तुझी जागा शेजारच्या मालतीबाईंच्या सुनेला देऊन आली. तुला लिहायला सांगितलंय, आता घरी यायचं ते फक्त सुट्टीत.

आमचा लोभ तुझ्याच टोकाला गाठलेला आहे.
तुझा आप्पा