अरुणादेवींच्या नावावरचा आवाज

नेरूळ, नवी मुंबई
११ सप्टेंबर १९९५

चि. गोजरास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. गुरुजींना नमस्कार सांग.

इथे मी ठीक. गुडघे कुरकुरतात, पण पहिल्या मजल्याचे जिने अजून चढते. सिडकोच्या या घराला आता नऊ वर्षं झाली. खाडीवरून वारा येतो, त्यामुळे पंखा फारसा लागत नाही. तुझ्या गारगोटीत पाऊस कसा आहे? गुरुजींचा खोकला कमी झाला का? मागच्या पत्राला तू दोनच ओळी लिहिल्यास. त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. मी तरी कुठे कधी मोकळेपणानं लिहिलं?

यंदा सोसायटीच्या गणपतीत माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि 'चित्रपटसृष्टीच्या गायिका-अभिनेत्री अरुणादेवी' असा फलक. समोरच्या घरातली जाई, कॉलेजात जाते, तिनं आपलं ते विहिरीवरचं गाणं म्हटलं. कॅसेटवरून बसवलं होतं. छान गायली. मग माझ्या पाया पडून म्हणाली, "आजी, ती शेवटची तान तुमच्यासारखी येतच नाही. कशी घ्यायची, दाखवा ना."

मी म्हटलं, "आता गळा राहिला नाही गं."

लोकांना ते खरं वाटलं. घरी आले आणि जेवले नाही.

तुला आठवतं ना सगळं? एकोणपन्नास साल. टायफॉइडनंतर माझा आवाज बसला तो बसलाच. अर्धा चित्रपट झालेला, मालक हवालदिल. तू एकोणीस वर्षांची, माझ्यासाठी पेजेचा डबा घेऊन स्टुडिओत यायचीस. पेटीवाल्यांनी तुला गुणगुणताना ऐकलं आणि तीन दिवसांत चारही गाणी तुझ्या गळ्यातून उतरवून घेतली. तू माइकपुढे अनवाणी उभी होतीस, दोन्ही हातांनी पदर घट्ट धरून. तबकड्यांवर नाव माझं पडलं. तरी पहिली तबकडी आली तेव्हा तू सगळ्या गल्लीला बोलावून ऐकवलीस.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी आरतीआधी मी उठले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ते गाणं माझं नाही. माझी धाकटी बहीण गोजरा गायली आहे." मग टाळ्या पडल्या. सेक्रेटरी म्हणाले, "बाईंचं मन किती मोठं." बघ, तुझं नाव घेतलं तरी टाळ्या मलाच मिळाल्या.

माझ्याकडे कामाला येते ती केशरबाई, इथल्याच करावे गावची, तीही मंडपात होती. सकाळी भांडी घासताना तिनं विचारलं, "बाय, तुमची ती बहीन मग पुढं का नाय गायली?"

"लग्न झालं तिचं."

"लग्न झाल्यावर बाया गात नाय का?"

याचं उत्तर तुलाच द्यायचं आहे. शेचाळीस वर्षं ते माझ्या तोंडाशी येऊन परत जातंय.

चित्रपट लागल्यावर दोन महिन्यांनी मुंबईहून तबकड्यांच्या कंपनीचं पत्र आलं होतं. पेटीवाल्यांनी त्यांना खरं सांगितलं होतं. त्यांना तू हवी होतीस. तुझ्या नावानं, सहा गाण्यांसाठी. पत्र माझ्या पत्त्यावर आलं. 'घरच्यांची संमती नाही' एवढं लिहून मी ते परत केलं. पेटीवाल्यांनी तुलाही सांगून ठेवलं होतं, म्हणून तू विचारलंस, "अक्का, मुंबईचं काही कळलं का गं?" आणि मी वेणी घालता घालता म्हणाले, "त्यांना तुझा आवाज पातळ वाटला."

तू "बरं" म्हणालीस. आरशात तुझा चेहरा दिसत होता, म्हणून मी मान खाली घातली.

मे महिन्यात गुरुजींशी तुझं लग्न झालं. तुझ्या पोरीच्या बारशाला बायकांनी तुला पाळणा म्हणायला सांगितलं, तर तू म्हणालीस, "मला नाही येत." मी तिथेच बसले होते.

मला भीती वाटली होती, गोजरा. तू गायला लागलीस की माझं काय उरणार, याची. तसंही काही उरलं नाहीच. आणखी तीन चित्रपट, मग आईच्या भूमिका, मग त्याही थांबल्या.

तुझा आवाज पातळ नव्हता. मुंबईला तो हवा होता. हे तुला कळायलाच हवं, मग माझ्याशी कायमचं बोलणं सोडलंस तरी चालेल. रेडिओवर जुनी गाणी लागतात तेव्हा मी काम टाकून बसते. कधी वर्षात एकदा ते लागतं. नाव माझं घेतात, पण ती तीन मिनिटं तू या खोलीत असतेस, एकोणीस वर्षांची. संपलं की पुन्हा वाट बघते.

पत्र गुरुजींनाही वाचायला दे. त्यांनाही खरं कळू दे. आणि घरात कुणी नसेल तेव्हा एकदा गाऊन बघ. मला ऐकू येणार नाही. तरी गा.

तुझ्या आवाजावाचून म्हातारी झालेली,
अक्का