निळ्या उजेडातल्या शिरा

३ मार्च
गुन्सान बंदरात पोचलो. समुद्रावरचा गार वारा, हातात लाल घेवड्याचं सारण भरलेला गरम पाव, आणि कॉलेजचं ओझं उतरलेलं. हॉस्पिटलमध्ये, कॅन्सरवर किरण देतात त्या विभागात मदतनीस म्हणून लागलो. बाबा फोनवर म्हणाले, गाढवा, तिसरं वर्ष कुणी सोडतं का? मी फोन आपटला. माझ्या सोल्बीच्या गळ्याखालच्या गाठीवर इथे उपचार चालू आहेत, मला याहून मोठं कारण नको. मला बघून ती हसली. म्हणाली, वेड्या, मला भाजताना बघायला आलास होय?

५ मार्च
पांगदादा इथले जुने तंत्रज्ञ. त्यांनी कॅमेरा शिकवला. किरण अंगात शिरले की कातडीतून पुसट निळा उजेड निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून खोलीतले दिवे मंद करून कॅमेऱ्याने टिपायचा. जिथे डोस जास्त, तिथे निळा गडद. रक्त हा उजेड गिळतं, त्यामुळे शिरा काळ्या उमटतात. दोन माणसांच्या कधीच सारख्या नसतात. सोल्बीच्या गळ्याखाली त्या पाण्यात मोकळ्या सोडलेल्या केसांसारख्या दिसतात. बघत राहिलो, तर दादांनी टपली मारली : डोस बघ, पोरगी नको.
तिच्याआधी माआजींची पाळी असते. मासे विकतात. त्यांच्या शिरांना दादा कोंबडीचा पाय म्हणतात. मशीनला उशीर झाला की आजी मलाच झापतात.

९ मार्च
माआजी काल बाजारात बसल्या बसल्या गेल्या. परवाच मला दटावलं होतं : ठरलेले सगळे डोस घेणार, पोरा, एकही सोडणार नाही.
त्यांची वेळ आता सोल्बीला दिलीय.

१० मार्च
सोल्बीच्या चित्रात, गळ्याखाली, पुसटसा कोंबडीचा पाय. दादा म्हणाले, जुनं चित्र मागे राहिलं असेल. मशीन बंद करून चालू केलं.
पुन्हा तेच.

१६ मार्च
पाय ठळक झालाय. सोल्बीच्या स्वतःच्या शिरा विरतायत. मी डॉक्टरांच्या टेबलावर मूठ आपटली, थांबवा म्हणालो. त्यांनी सांगितलं, पुन्हा आवाज चढवलास तर घरी जायचं.
सोल्बीला माशांचा वासही सोसत नाही. आज तिने सुकी मासळी मागितली. वर मला म्हणाली, पोरा, वेळेवर चालू करत जा की रे.

२४ मार्च
तिची गाठ वाढलीय. डोस बरोबर जागी पडतोय, कॅमेरा तेच दाखवतो. मग तो घेतंय कोण?
आज दादांनीही जुनी-नवी चित्रं शेजारी लावून पाहिली.
सोल्बीच्या दोनच शिरा उरल्यात.

२५ मार्च
तिला बाहेर बसवलं. टेबलावर मीच झोपलोय, वही छातीशी. मोठ्याने म्हणालो, आजी, राहिलेले डोस माझ्या अंगातून घ्या, तिला सोडा. दादा दारात उभे राहून शिव्या देतायत : ऊठ मूर्खा. दार उघडं असलं की किरण सुटतच नाहीत, हे मला ठाऊक आहे, म्हणून तर—

दिवे मंद झाले.
कुणी केले? दादा तर दारात—

बाहेर सोल्बी रडतेय. माझं नाव घेतेय. तिचाच आवाज, तिचाच—

पडद्यावर माझी छाती. निळी—
उठता येत नाही. मासळीचा वास, अगदी कानाशी. आजी म्हणतायत, हलू नकोस पोरा, अजून पुष्कळ