आमच्या वाडीची घटना

ती. दाजींना किरणचा नमस्कार.

गुडघा आता कसा आहे? चढ टाळत असालच. आम्ही खुशाल आहोत. खुशाल हा शब्द थोडा कमी पडतो.

आमची वाडी तुमच्या गावातून वेगळी झाली, हे तुम्ही जाणताच. नवा स्वतंत्र देश आधी घटना लिहिणारी सभा निवडतो, असं मी पारावर सांगितलं. (चूक तिथेच झाली, असं आई म्हणते.) सभा सात जणांची ठरली. उमेदवार आठ, त्यात मी. देवळात प्रत्येकाच्या नावाचं ताट मांडलं. मतदाराने एकट्याने आत जायचं, भाताचा एक दाणा टाकायचा, बाहेर यायचं. इतकी शांत निवडणूक मी पाहिली नव्हती. मोजायला गेलो तर नवशाआबांची कोंबडी माझ्या ताटात उभी होती आणि ताट स्वच्छ होतं. (नवशाआबा स्वतः उमेदवार. मी आरोप करत नाही.) मी म्हणालो, तिने सर्वांत भरलेलं ताट निवडलं, म्हणजे जास्त मतं माझीच. गंगीमावशी म्हणाली, "आरं, तुजं ताट दाराजवळ व्हतं." नवशाआबा म्हणाले, "पोट फाडून मोजा की. पर आदी कोंबडीची भरपाई ठरवा." घटना नसल्यामुळे यावर निर्णय देता येईना.

शेवटी फेरमतदान झालं, खड्यांनी. गंगीमावशी पहिली आली, नवशाआबा आठवे, मी सातवा. दाजी, मी निवडून आलो. दुपारभर वाडीतून नुसता फिरत होतो. पहिल्या बैठकीत सातही जण बोलले. लिहायचं कोणी, यावर मात्र सगळे गप्प. मी म्हणालो, रविवारी मसुदा आणतो, न आणल्यास माझी जागा नवशाआबांना. ते दाराशीच बसले होते. "न्हाई, सावकाश हू दे," म्हणाले.

आपला,
किरण
(सदस्य, घटनासभा)

ता. क. मसुद्यात 'आम्ही' एवढंच लिहून झालं आहे. तुम्ही इतकी वर्षं गावचे ठराव लिहिता. शनिवारी या. अक्षर माझं ठेवू.

आणखी ता. क. तुमच्या गावच्या माणसाला वाडीत बंदी, हे एक कलम मंजूर झालं आहे. ते मीच मांडलं; जोशात होतो. काल त्यातून जावयाला सूट मिळवली. पण उज्ज्वलाताईशिवाय आलेला जावई गावचाच माणूस धरावा, अशी दुरुस्ती गंगीमावशीने घातली. तेव्हा आधी ताईला विचारा. ती नाही म्हणाली, तर त्यावर घटनेत काही उपाय नाही.