मामांचं आडनाव

११ जानेवारी २००४
समाजाची लग्नाची साइट एकदाची चालू झाली, आणि ती मी बनवली! मंडळाचे अध्यक्ष सुधाकरकाका यांनी मॉनिटरला हार घातला. पहिलं नाव कुणाचं? माझंच! बाबांनी परस्पर दिलं — 'विनया, बी.एस्सी., गृहकृत्यदक्ष'. साइट कुणी केली, त्याचा पत्ता नाही. इतका राग आला की चहासुद्धा घेतला नाही.

१४ जानेवारी
कॉम्प्युटर क्लासमधला संकेत म्हणतो, जावा शिक, तुझ्या पीएचपीवाल्यांना कोण विचारतं? स्वतः दर महिन्याला नवी भाषा धरतो आणि पुरं काहीच करत नाही. मला वाटतं, भाषा कुठलीही असो, लोक वापरतील असं काहीतरी करून दाखवावं.

पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केलाय. लोकांच्या साइट फोडून बघायच्या, भोकं शोधून द्यायची — असल्या कामाचा पगार देतात! बाबा म्हणाले, आधी लग्न, मग सासरचे म्हणतील तसं.

१९ जानेवारी
घोटाळा! शेजारच्या मयूरच्या खात्यातून बोळिंजच्या एका मुलीला पसंती गेली. नाव घातल्यापासून त्याने साइट उघडलीसुद्धा नव्हती. मुलीकडचे पेढे घेऊन दारात, आणि हा हाफ पॅन्टीत केळींना पाणी सोडतोय. सुधाकरकाकांचा बाबांना फोन — रविवारच्या बैठकीत साइट बंद करू, पोरीला झेपलं नाही. मग पुण्याला तरी काय तोंड दाखवू? बाबा माझ्याकडे बघेनात.

२० जानेवारी
सापडलं. पासवर्ड विसरला तर साइट विचारते — आईचं माहेरचं आडनाव काय? बरोबर सांगितलं की नवा पासवर्ड. प्रश्न मी इंग्रजी पुस्तकातून उचलला. तिकडे असेल ते गुपित. आपल्याकडे स्थळाच्या माहितीत 'मामांचे आडनाव व गाव' आधी बघतात! तो रकानाही मीच केलेला, ठळक अक्षरांत. कुलूप लावून किल्ली दारालाच टांगली की मी!

आडनाव टाकून पासवर्ड बदलण्याचा उद्योग मयूरच्या सुभद्राआत्याचा. विचारलं तर शांतपणे म्हणाली, "कुणीतरी करायलाच पायजे होतं ना." प्रश्न लगेच काढून टाकला.

२५ जानेवारी
 बैठकीत उभी राहिले. साइटची जुनी प्रत लावली आणि सुधाकरकाकांच्या मुलीचं, संपदाचं खातं सगळ्यांसमोर उघडून दाखवलं. तिचे मामा पहिल्याच रांगेत होते. लोक हसले, काका नाही. मग सांगितलं, यापुढे पासवर्ड विसरला तर स्वतः मंडळाच्या कचेरीत यायचं.  शेवटी काका म्हणाले, राहू दे साइट.

बाबा मागे बसले होते. 

३० जानेवारी
पुणे. मुलाखतीत विचारलं, हातून मोठी चूक कुठली झाली? मामांची गोष्ट सांगितली. घेणाऱ्या बाई हसता हसता थांबल्या आणि म्हणाल्या, आमच्या साइटवरही हाच प्रश्न विचारतात.

५ फेब्रुवारी
झालं! निवड झाली! सोळा तारखेला हजर व्हायचं. आई रडली आणि हसली. बाबांनी ऐकलं, चपला घातल्या आणि वाडीत गेले. जेवायलाही आले नाहीत. विरारच्या बँकेतल्या मुलाकडचे रविवारी बघायला येणार आहेत. मी काय करू?

८ फेब्रुवारी
कुणीच आलं नाही. साइट उघडली, तर माझं नावच नाही. कचेरीत फोन केला. सुधाकरकाका म्हणाले, "काल तुझा बाप आलेला. नाव काढा म्हणाला, पोरगी पुण्याला नोकरीला चालली."