शांतीनं अर्ज केला

भिलाई, रविवार संध्याकाळ, जून १९६२

काहून भांडते ही पोरगी माझ्याशी? "दादाले सांगा, पैसे पाठवू नको, माझा नंबर लागत नाही." पुन्हा तेच! बडनेऱ्याहून आलेल्या गणपतकाकांनी तिचा निरोप सांगितला. माझ्या बहिणीनं, शांतीनं, नागपुरात एम.ए.साठी अर्ज केला आणि तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाही. बाबा तर घाबरलेच म्हणे, "अर्ज? कोनावर केला व माय?" आमच्या घरचे अर्ज आजवर तक्रारीचेच, कोणावर तरीच गेले, विहिरीच्या पाण्यासाठी नाहीतर बुडवलेल्या मजुरीसाठी. हा कोणावर नाही, बाबा! स्वतःसाठी केला, घरातला पहिलाच! मी चौथी नापास, पण आज मलेही घास उतरून नाही राहिला, आनंदानं. नंबर लागायची वाट कशाले पाहू? उद्याच मनिऑर्डर करतो तिच्या फीसाठी, पंचवीस रुपये.