कळवतो म्हणणारी माणसं

आप्पा, तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी तक्रार तुमच्याकडेच करतो. गीझरवाल्यांनी माझ्यावर केलेल्या अन्यायाची इतिहासात नोंद व्हायला पाहिजे. दोन महिने गार पाण्यानं अंघोळ चाललीय. फोन केला की पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणते, "वुई विल गेट बॅक टू यू, सर." म्हणजे नंतर कळवतो. पहिल्या दिवशी मी खरंच दार उघडं ठेवून बसलो. पुण्याहून फोनवर तुमचा नातू हसला. "पप्पा, तसं नुसतं म्हणायचं असतं. तुम्ही पण शिका." शिकलो. कार्यक्रमात भाषणासाठी बोलवायला आलेल्या मंडळावर वापरून बघितलं. माणसं मान डोलवत गेली. नाही म्हणावं लागत नाही, वर आपण सुशिक्षित दिसतो. इतकी सोयीची वस्तू आयती मिळाली की मला संशय येतो. ही खोड तुमचीच.

तेव्हा आपल्या आक्काला लग्नासाठी बघायला पाहुणे यायचे. वडगावच्या घरात पुढच्या खोलीतच तुमचा विणायचा माग. पाहुणे पोहे खातात, उठतात, "घरी जाऊन कळवतो" म्हणतात. ते वळणावर गेले की तुम्ही म्हणता, "पोहे लई वाखाणले रं. म्हंजे न्हायच." आणि एवढी खात्री असून पुढं कितीतरी दिवस गल्लीत सायकल थांबली की तुम्ही माग बंद करता, खडखडाटात हाक ऐकू यायची नाही म्हणून. आक्का आतून बघते. "येतील की, कळवतो म्हणालेत," मी एकदा म्हणालो, तर माझ्यावरच खेकसलात, "न्हाय म्हणायला जीभ झिजती व्हय रं?"

गेल्या महिन्यात तुमच्या नातवासाठी खासबाग भागात मुलगी बघितली. चांगली वाटली मला. पोरगा गाडीत बसल्या बसल्या नको म्हणाला, पण निरोप द्यायला दारात आलेल्या तिच्या वडिलांना मी काचेतून म्हटलं, "आय विल गेट बॅक टू यू." काय सफाई! तेव्हापासून ते रोज सकाळी मोबाईलवर फुलांचं चित्र पाठवतात. विचारत काही नाहीत. त्यांनाही संशय आला असणार.

आज फोन लावला आणि मराठीत सांगितलं, "आमच्याकडनं जमत न्हाय." ते म्हणाले, "बरं झालं सांगितलासा. पोरगी काय बोलत न्हाय, पण फोन वाजला की उठून आत जाती." मग त्यांनी कारण विचारलं. मी पत्रिकेचं सांगितलं. तुमच्या नातवाला तिचं इंग्लिश कच्चं वाटलं, हे सांगायला मला अजून कुठलीच भाषा येत नाही.